पहिली ट्रायल्स बाईक कोणती घ्यावी? वय ४४, अनुभव शून्य

नमस्कार मंडळी,

मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं लीड्सला. मागच्या हिवाळ्यात शेजारचे आजोबा मला यॉर्कशायर डेल्समधली एक ट्रायल बघायला घेऊन गेले. मोटरसायकलची स्पर्धा म्हणून मी वेग आणि धुरळा बघायच्या तयारीने गेलो, तर तिथे माणसं चालण्याच्या गतीने ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडांवर गाडी चढवत होती. बसायला सीटच नाही, सगळं उभ्याने. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, दोनदा तर दोन, तीन किंवा कितीही वेळा टेकला तरी तीनच. पण सेक्शन, म्हणजे खुणा लावून आखलेला अवघड टप्पा, पार झालाच नाही तर थेट पाच. ज्याचा दंड कमी तो वरचढ. आजोबा सत्तरीला आलेत. एका सेक्शनमधून पाय न टेकता बाहेर आले, हेल्मेट काढलं आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. माझ्या डोक्यात किडा शिरला तो तिथेच.

नंतर त्यांची गाडी त्यांच्याच शेतात दोनदा चालवून बघितली. पहिल्या दिवशी क्लच सोडताना मूठ जरा जास्त पिळली गेली. गाडी हातातून सुटून कुंपणाला भिडली आणि मी चिखलात बसलेला. ती ३०० सीसी होती. म्हणजे ३०० नको, एवढं ठरलंय.

सध्या दोन जुन्या गाड्या नजरेत आहेत. एक २०१४ची बीटा एव्हो २५०, टू-स्ट्रोक, २,३०० पौंड. दुसरी २००८ची माँटेसा कोटा ४आरटी, फोर-स्ट्रोक, २,५०० पौंड. टोनी बाऊ २००७ पासून ट्रायल्सचा जगज्जेता होत आला तो माँटेसावरच. त्याचा माझ्याशी काडीचा संबंध नाही हे कळतं, पण मोह होतो खरा. टू-स्ट्रोकची भीती नाही, बाबांच्या चेतकमध्ये तेल मिसळलेलं पेट्रोल भरण्यातच बालपण गेलंय. वजन ८८ किलो, डावा गुडघा कुरकुरतो. स्पर्धा जिंकायची नाही, रविवारी सोप्या रूटवर जायचंय. गाडी नेण्यासाठी कारच्या मागे लावायचा रॅक बघतोय.

जाणकारांनी सांगावं: कोणती घेऊ, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय तपासू?

– ओढ्यातला_नवशिक्या

प्रतिसाद, दगडधोंडे:
बीटा घ्या. मालकाला आधीच फोन करून सांगा, मी येईपर्यंत किक मारू नका. गरम इंजिन सगळे दोष झाकतं. एव्होचा क्लच थंड असताना प्लेटा चिकटतात; पहिला गियर टाकला की गाडी उडी मारते. हा दोष नव्हे, स्वभाव. गियरमध्ये टाकून, क्लच दाबून, गाडी पुढेमागे ढकला, प्लेटा सुटतात, मग न्यूट्रलमध्ये किक मारा. मग गाडी आडवी करून इंजिनखालची पत्र्याची ढाल बघा. पोचे असणारच, पण तडा असेल तर घरी या. मागचं चाक धरून वर उचला, खटखट लागली तर सस्पेन्शनच्या लिंकेजची बेअरिंगं गेलीत, त्याचे पैसे कमी करून घ्या. आणि चेतकइतकं तेल नका घालू, मॅन्युअलमध्ये आहे तेवढंच.

प्रतिसाद, निवांत_काका:
मी ४आरटीवरच शिकलो. मूठ सोडली की इंजिन स्वतःच गाडी आवरतं, उतारावर नवशिक्याला धीर येतो. पण बीटापेक्षा जड आहे, आणि तुम्ही दिवसातून वीसदा पडणार, वीसदा उचलणार. गुडघ्याचा विचार करता मीही बीटाच म्हणेन. मागच्या टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआयच ठेवा. पंक्चर वाटेल, पण पकड त्यातूनच येते. आधी बूट घ्या, मग गाडी.
ता. क. रॅक घेण्याआधी टो-बारवर (कारच्या मागचा ओढणीचा दांडा, रॅक त्यालाच लागतो) किती भार चालतो ते बघा. गाडीच सत्तर किलोच्या घरात, वर रॅकचं वजन वेगळं.

ओढ्यातला_नवशिक्या:
दोघांचेही मनापासून आभार. बीटावाल्याशी बोललो, शनिवारी सकाळी नऊला जातोय, किक न मारण्याचं त्याने हसत कबूल केलंय. काका, टो-बारची पाटी बघितली: ७५ किलो! रॅकचं ऑनलाइन बास्केट रिकामं केलं. बायको म्हणाली, बरं झालं. तिला अजून ट्रेलरचं सांगितलेलं नाही. लीड्स, हॅरोगेटच्या आसपास कुणाकडे एका गाडीचा छोटा ट्रेलर पडून आहे का?