मदत हवी आहे : अमेरिकेतल्या केंटकी लेकवर उन्हाळ्यात जिग (मासेमारीचा वजनदार डोक्याचा गळ) योग्य खोलीवर कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी. वसंतात केंटकी लेकचे पाणी साधारण 60 ते 65 अंश फॅरनहाइट झाले, की अंडी घालण्यासाठी काठच्या झुडपांत येणारे क्रॅपी (गोड्या पाण्यातले मासे) 1/16 औंसाच्या जिगला सहज लागतात; पण जूनमध्ये तेच मासे खोल पाण्यातल्या बुडालेल्या फांद्यांकडे सरकले, की माझा गळ बहुधा रिकामाच वर येतो. क्रॅपी वरच्या बाजूचे भक्ष्य टिपतो, म्हणून जिग त्याच्या किंचित वर धरावी हे ठाऊक आहे. परंतु वाऱ्याने होडी सरकत असताना ती खोली टिकवायची कशी? 1/8 औंसाची जिग झपाट्याने बुडून फांद्यांत अडकते (आणि तुटली की गेलीच!). अशा ठिकाणी दोरी किती पौंड ताण सोसणारी वापरावी आणि कागदासारखे पातळ तोंड न फाटता मासा वर कसा घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.