‘चेटकीण’, ‘मांत्रिक’ आणि एस्क

टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी अद्भुत कादंबऱ्यांविषयी मराठीत लिहायला बसले की पहिली अडचण ‘विच’ या शब्दापाशीच येते. ‘हडळ’ आणि ‘जखीण’ हे शब्द येथे चालणार नाहीत, कारण त्या भुतांच्या जाती आहेत आणि या कादंबऱ्यांतली चेटकीण वेदरवॅक्सआजी ही शेळ्या व मधमाश्या पाळणारी, गावातल्या आजाऱ्यांना औषध देणारी हाडामांसाची बाई आहे. ‘जादूगारीण’ हा शब्द सौम्य वाटतो. परंतु जादूगार म्हटले की रंगमंचावर टोपीतून ससा काढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि त्यात धाक अजिबात नाही. आजीच्या व्यक्तिरेखेतला विनोद तर त्या धाकावरच उभा आहे, कारण ती जादू शक्यतो करतच नाही. ती करू शकते एवढे लोकांना ठाऊक असणे तिला पुरते. म्हणून माझ्या मते ‘चेटकीण’ हाच शब्द योग्य आहे.

खरी कसोटी लागते ती ‘ईक्वल राइट्स’ या १९८७ सालच्या कादंबरीत. मरणाच्या दारातला एक मांत्रिक (मूळ इंग्रजीत ‘विझर्ड’) आठव्या मुलाच्या आठव्या मुलाला आपली जादूची काठी सोपवतो, पण जन्मलेले मूल मुलगी असते, तीच एस्क. एस्कला चेटकीण व्हायचे नाही, मांत्रिक व्हायचे आहे, आणि मांत्रिकांच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नाही. येथे ‘मांत्रिकीण’ असे रूप करण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाटलीण, सुतारीण, वाणीण या रूपांत ‘-ईण’ हा प्रत्यय बहुधा ‘त्याची बायको’ एवढेच सांगतो; डॉक्टरीणबाई स्वतः डॉक्टर आहेत की डॉक्टरांच्या पत्नी, हे अजूनही विचारून घ्यावे लागते. ‘चेटकीण’ मात्र कुणा चेटक्याची बायको नसते, ती स्वतःच्या बळावर चेटकीण असते, आणि हे मला या शब्दाचे मोठेच सामर्थ्य वाटते. एस्कसाठी सरपंच, वकील यांप्रमाणे ‘मांत्रिक’ हाच शब्द ठेवून क्रियापद स्त्रीलिंगी करावे: ‘एस्क मांत्रिक झाली.’

या कादंबरीच्या नावात ‘विधी’ आणि ‘हक्क’ या अर्थांच्या समोच्चारी इंग्रजी शब्दांवर श्लेष आहे. तो जसाच्या तसा मराठीत येत नाही. पण आपल्याकडे ‘अधिकार’ हा शब्द मंत्राच्या अधिकारापासून मतदानाच्या अधिकारापर्यंत दोन्ही अर्थ वाहतो, तेव्हा ‘समान अधिकार’ या शीर्षकात हसू थोडे कमी झाले तरी मर्म शाबूत राहते.

‘चेटकीण’ या शब्दामागे आपल्याकडे खऱ्या बायकांचा छळ आहे, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. चेटूक किंवा करणी करते असा आळ घेऊन कुणाला त्रास देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला, यावरूनच त्याचे गांभीर्य कळते. तरीही याच मालिकेतल्या ‘द वी फ्री मेन’ (२००३) मधली नऊ वर्षांची टिफनी, जिने शब्दकोश अथपासून इतिपर्यंत वाचला आहे, कारण तसा तो वाचायचा नसतो हे तिला कुणी सांगितलेलेच नाही, तिच्याकडे पाहावे. गावातल्या एका एकाकी म्हातारीला लोक चेटकीण ठरवून घराबाहेर काढतात आणि ती हिवाळ्यात मरते. असे पुन्हा घडू नये म्हणून टिफनी स्वतःच चेटकीण व्हायचे ठरवते. लोकांच्या आरोपात एक शब्द आणि तिच्या निश्चयात दुसरा, मवाळ शब्द घातला, तर त्या मुलीने नेमके काय केले हे मराठी वाचकाला कळणारच नाही.