‘वाटप’ म्हणायचं की ‘लाच’?

परवा गावाहून मावशीचा फोन आला. “आमच्या आळीत अजून वाटप झालं नाही बघ.” मला वाटलं रेशनचं. निघालं ग्रामपंचायतीच्या मतदानाचं पाकीट! तक्रार पैसे वाटल्याची नव्हती, आपल्यापर्यंत न पोचल्याची होती. तलाठ्याला दिली तर ती लाच, मग मतदाराला दिलं की वाटप का?

———

कायद्यात ती लाचच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 प्रमाणे देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. गंमत पुढे आहे. रोख दिली तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खाण्यापिण्यातून दिली तर नुसता दंड. म्हणजे चपटी आणि मटणाच्या पंगतीला कायदाही मऊच.

पण ‘वाटप’ हा हिश्शाचा शब्द. जमिनीचं वाटप, प्रसादाचं वाटप. त्यात आपला वाटा असतो आणि तो राहिला की माणूस भांडतो. तुमच्या मावशीचं तेच झालंय.

———

‘लक्ष्मीदर्शन’ विसरलात. दर्शनाला हात पसरावा लागत नाही, जोडावा लागतो! 2014 च्या विधानसभा प्रचारात निलंग्याच्या सभेत नितीन गडकरी या लक्ष्मीबद्दल बोलले आणि निवडणूक आयोगाची नोटीस आली.

मतदानाच्या आदल्या रात्रीला ‘कत्तलची रात’ म्हणतात, ते मोहरमवरून आलंय. त्या रात्री आमच्याकडे विचारतात, “भाव फुटला का?” हा शब्द थेट बाजार समितीतला. कांद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या उमराण्यात (ता. देवळा) तर सरपंचपदाचाच लिलाव झाला, बोली दोन कोटींवर गेली, पैसे देवळासाठी. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथली आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली. अशा व्यवहाराला गावात ‘बिनविरोध’ म्हणतात. एकेक मत कशाला विकायचं, निवडणूकच ठोक भावात!

———

धन्यवाद दोघांनाही. यात ‘बेलभंडारा’ही धरा, म्हणजे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवाची शपथ. मतदान गुप्त असतं, म्हणून पाकीट देताना बेलभंडारा उचलायला लावतात. नोट खर्चून जाते, शपथ मतदान केंद्रात सोबत येते. माझ्या मते मत बांधलं जातं ते तिथे.

काल मावशीचा पुन्हा फोन आला. वाटप झालं, दोन्हीकडचं. पहिल्याने बेलभंडारा उचलून घेतला होता. म्हणून दुसरा आला तेव्हा ती मागच्या दाराने गोठ्यात गेली आणि पाकीट सुनेने घेतलं.