बोल्टवरचं १०.९ आणि मीटरवरचा बाण, कोणी सांगेल का?

पाना१७:
मंडळी, सस्पेन्शनच्या एका बोल्टचं डोकं घासलंय, त्यावर १०.९ कोरलंय आणि बाजूला कसलीतरी दोन अक्षरं. दुकानदार ८.८ देतोय, म्हणे साइज तीच आहे, चालतंय की. लावू का? आणि एएमटीमध्ये (आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत) मीटरवर डी म्हणजे ड्राइव्ह ऐवजी एम३ आणि वर जाणारा बाण दिसतो तो काय प्रकार?

ग्रीसवाला:
अजिबात लावू नका राव. पहिला आकडा गुणिले १०० म्हणजे बोल्ट किती मेगापास्कलला (ताणाचं माप) तुटेल ते, आणि टिंबानंतरचा ९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांना तो कायमचा ताणला जायला लागतो. म्हणजे तुमचा साधारण १००० नि ९००, दुकानदाराचा ८०० नि ६४०. अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची खूण, ती सोडा. पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर मात्र बघा हां, एम१२ मध्ये (१२ मिमी जाडीचा बोल्ट) १.७५, १.५, १.२५ मिमी सगळे मिळतात, चुकीचा पण हाताने एक-दोन आटे जातो आणि मग पाना मारला की आटे गेलेच.

पाना१७:
मग सरळ १२.९ टाकतो ना?

घाटातला:
नको, जास्त कडक म्हणजे चांगलाच असं नसतं, १२.९ ठिसूळपणाकडे झुकतो. आणि चकचकीत दिसतो म्हणून ए२-७० स्टेनलेस पण घेऊ नका, तो ७०० मेगापास्कलचाच. कंपनीने १०.९ दिलाय तर १०.९च.
बाणाचं म्हणाल तर लिव्हर मॅन्युअलला गेलाय, तिसरा गिअर आहे, चौथा टाका म्हणतेय गाडी, पेट्रोल वाचवायला. चढावर असाल तर खुशाल दुर्लक्ष करा.