मोनेची बागेतली बाई: एकटी की नुसती उभी?

सदाफुली: फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'बागेतली स्त्री' (1867) हे चित्र कितीदाही बघितलं तरी ती बाई मला तिथे उपरीच वाटते. पांढरा झगा, छत्री, सगळं टापटीप, पण ढकललीये डाव्या कडेला, चेहरा धड दिसत नाही आणि मधली मानाची जागा कुणाला तर फुललेल्या गुलाबाच्या झाडाला! श्रीमंताघरच्या बायकोची किंमत काय होती ते यातच आलं. तुम्हाला काय वाटतं?

उनाड_ब्रश: ताई, बाई दिसली की दुःख शोधायलाच हवं का? मोनेच्या नात्यातल्या भावाची बायको, फ्रान्समधल्या ल हाव्रजवळ सँत-आद्रेसला घरच्या बागेत उभी आहे, बास. भर उन्हात पांढरं कापड कसं पेटतं ते त्याला पकडायचं होतं. आदल्या वर्षी 'बागेतल्या स्त्रिया' या दुसऱ्या चित्रासाठी या माणसाने बागेत चर खणला होता, अडीच मीटर उंच कॅनव्हास त्यात खाली-वर करता यावा म्हणून, आणि आपल्या प्रेयसीला, एकट्या कामीयला, एकाहून जास्त बायकांसाठी उभं केलं. 1867 च्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनाने, ते नाकारलं ते वेगळं. पण चेहऱ्यांचं त्याला पडलंच नव्हतं हो.

सदाफुली: ऊन काय, वाळत घातलेल्या चादरीवरपण पडतं. मग छत्रीवाली खानदानी बाईच कशाला हवी?

मधेच_बोलतो: दोघंही खरी गोष्ट सोडताय. त्या उन्हाळ्यात कामीय तिकडे पॅरिसला, दिवस भरत आलेले, 8 ऑगस्टला त्यांचा मुलगा ज्याँ झाला. मोनेच्या घरच्यांना ती नको होती, याचा खिसा रिकामा, म्हणून हा गपचूप नातेवाइकांकडे येऊन राहिलेला आणि चित्रात कोण, तर त्या घरची मानाची सून! मला तर उपरा चित्रकारच वाटतो, बाई नाही.

उनाड_ब्रश: हे तुम्हाला चरित्रातून कळलं, चित्रातून नाही. नाव-साल झाकून कुणालाही दाखवा, "काय ऊन आहे!" एवढंच म्हणेल.

मधेच_बोलतो: बरं, झाकलं. मग सांगा, तो एवढ्या लांबून का बघतोय? घरातलीच बाई ना, चार पावलं जवळ जायला काय झालं होतं?

उनाड_ब्रश: अहो मग बाग कशी मावली असती?

सदाफुली: बघा, बागेसाठी बाई सरकवली, हे तुम्हीच म्हणताय आता.

उनाड_ब्रश: सरकवली कुठे, अख्खी आहे की, छत्रीसकट!