प्रति: तेच ते ऐकून जांभया येतात

एका वाचकाने म्हटलंय की मिनिमलिस्ट (मोजकेच सूर पुन्हा पुन्हा घेणारा) ऑर्केस्ट्रा म्हणजे तेच ते सूर, दहा मिनिटांत जांभया. अहो, सुरुवातच तासाभराच्या रचनेने केलीत तर दुसरं काय होणार!

आधी एस्टोनियन संगीतकार आर्व्हो पार्टची १९७७ची 'कान्टुस' ऐका. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या स्मरणार्थ केलेली, जेमतेम सहा-सात मिनिटांची. फक्त तंतुवाद्यं आणि एक घंटा. सगळे ए मायनर या कोमल गंधाराच्या पाश्चात्त्य स्वरावलीचा अवरोहच (वरून खाली उतरणारे सूर) वाजवतात, पण प्रत्येक थर आधीच्याच्या निम्म्या लयीत. म्हणजे पहिल्या व्हायोलिनच्या मानाने डबल बास सोळापट संथ. दुगुण-चौगुण (दुप्पट-चौपट लय) आपल्याला काय नवीन?

शेवट मात्र कान देऊन ऐका. सगळे एका स्वरसमूहावर ठाण मांडून बसलेले असताना घंटेचा टोल इतका हळू पडतो की कळतच नाही. तंतुवाद्यं थांबली की मागे घंटेची आस (घुमत राहणारा नाद) तेवढी उरते, आणि त्या आसेत चक्क शुद्ध गंधार! तोवर सगळा कोमल गंधाराचा कारभार. तानपुऱ्याच्या खर्जातला स्वयंभू (न छेडता आपोआप उमटणारा) गंधार ज्यांनी ऐकलाय त्यांना जास्त सांगायला नको.

आमच्या फोंड्यात आषाढात ही आस ऐकू येणं कठीण. (इथे पागोळ्याच मिनिमलिस्ट!) तेव्हा कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या, पंखा बंद करा. सुरुवातीचे टोल बारीक येतात म्हणून आवाज वाढवू नका, पुढे कानठळ्या बसतील.

हे रुचलं तर मग अमेरिकन मिनिमलिस्ट संगीतकार फिलिप ग्लास. त्याचा 'सत्याग्रह' ऑपेरा तर संस्कृतात आहे, गीतेच्या श्लोकांवर.