मदत हवी आहे : द्वोर्झाकच्या फ्युरिअंटमध्ये मात्रा कशा मोजायच्या?

शनिवारी प्राग इथे रुडॉल्फिनमच्या सुक हॉलमध्ये चेक संगीतकार द्वोर्झाकचं पियानो क्विंटेट (पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठीची रचना; ओपस म्हणजे रचना क्रमांक ८१, १८८७) ऐकायला जातोय. सोबत तीन मराठी मित्र आहेत, त्यांना आधी थोडं समजावून सांगायचं कबूल करून बसलोय.

दुसऱ्या भागातली दुमका (एक स्लाव्ह गीतप्रकार) कळली : संथ, उदास, मध्येच उसळी. अडलंय तिसऱ्या भागाशी. त्याच्या डोक्यावर 'स्केर्झो (फ्युरिअंट)' असं लिहिलंय. स्केर्झो म्हणजे चपळ, खेळकर भाग. फ्युरिअंट म्हणजे चेक लोकनृत्य, २+२+२+३+३ अशा बारा मात्रा. द्वोर्झाकच्याच 'स्लाव्होनिक डान्सेस' या नृत्यसंग्रहातल्या ओपस ४६ क्रमांक ८ वर टाळी धरली तर हे चपखल बसतं. क्विंटेटवर मात्र पहिल्याच आवर्तनात हात चुकतो. सरळ तीन-तीनच ऐकू येतं, वेगवान वॉल्ट्झसारखं.

दोन वेगळी रेकॉर्डिंग्ज ऐकली, वेग पाऊणपट करून पाहिला. स्वरलिपी जेमतेम वाचता येते. त्यातही सगळीकडे ३/४ (म्हणजे तीन-तीन मात्रांचे गट) च दिसतं. (पण ते ओपस ४६ मध्येही तसंच आहे, त्यामुळे काही सिद्ध होत नाही.) तबला शिकलोय, तेव्हा मात्रांच्या भाषेत सांगितलंत तरी चालेल.

इथे दोन-दोनची वीण खरंच आहे आणि मला पकडता येत नाहीये, की द्वोर्झाकने नुसतं नाव ठेवलंय?